परप्रांतातील सायंकाळ : उत्तरेतील मराठी वृद्धांच्या सोबतीचा इतिहास

एखाद्या मंडळास पन्नास वर्षे पूर्ण झाली म्हणजे त्याचा इतिहास लिहिला जातो. गणेशोत्सव केव्हा सुरू झाला, पहिले नाटक कोणते बसविले, सभागृहासाठी वर्गणी कशी जमविली, अध्यक्ष व कार्यवाह कोण कोण झाले, हा सारा तपशील स्मरणिकेत येतो आणि तो यावयासही हवा. परंतु या जमाखर्चात एक खाते बहुधा कोरेच राहते. जी माणसे ऐन तारुण्यात नोकरीच्या निमित्ताने परप्रांतात आली आणि येथेच म्हातारी झाली, त्यांच्या उतारवयाचे काय झाले? त्यांना सोबत कोणाची होती? हे खाते उघडून पाहण्याचा प्रयत्न आम्ही या लेखात करणार आहोत. त्यासाठी थोडे मागे, आपल्या मंडळाच्याच नव्हे तर आगगाडीच्याही आधीच्या काळात जावे लागेल.

प्रारंभीच एक भेद स्पष्ट केलेला बरा. आपल्या भाषेत 'एकांत' आणि 'एकाकीपणा' असे दोन शब्द आहेत. एकांत माणूस शोधतो. एकाकीपणा माणसास गाठतो. एकटे राहणे हे स्वतःच दुःख नव्हे. आणि भरल्या घरात राहणारा माणूसही एकाकी असू शकतो. आमच्या विवेचनाचा विषय आहे तो दुसरा शब्द.

काशीवास

महाराष्ट्रातून उत्तरेस येऊन वृद्धापकाळ घालविण्याची सर्वांत जुनी रीत म्हणजे काशीवास. पहिल्या बाजीरावाच्या मातोश्री राधाबाई १७३५ मध्ये काशीयात्रेस निघाल्या आणि पुढील वर्षी पुण्यास परतल्या. त्यांचा प्रवास राजमातेस शोभेल अशा इतमामाने झाला. पण असंख्य सामान्य यात्रेकरू असे होते की जे परतण्यासाठी आलेच नव्हते. काशीत देह ठेवावा, या एकाच इच्छेने ते घरदार सोडून येत. त्यांत वृद्ध होते आणि विधवाही होत्या. कित्येकींच्या बाबतीत ही इच्छा स्वतःची किती आणि घरच्यांच्या सोयीची किती, हे सांगणे कठीण आहे.

तरीही या रीतीचा विचार केवळ करुणेने करून भागणार नाही. काशीस आलेल्या मराठी वृद्धास तेथे एक तयार समाज मिळत असे. अहल्याबाई होळकरांनी अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात विश्वेश्वराचे मंदिर पुन्हा उभारले आणि घाट बांधला. शिंदे आणि भोसले यांची नावे धारण करणारे घाटही गंगेकाठी आजतागायत उभे आहेत. मराठी सरदारांनी अन्नछत्रे चालविली. दुर्गाघाट, ब्रह्माघाट या भागांत मराठी वस्ती वाढली. पहाटेचे स्नान, दुपारचे अन्नछत्र, सायंकाळचे पुराण अथवा कीर्तन, असा दिवसाचा क्रम ठरलेला असे. ठरलेल्या वेळी ठरलेल्या पायरीवर एखादी म्हातारी दिसली नाही, तर शेजारीण तिच्या खोलीचे दार ठोठावीत असणार, हे समजण्यास कागदोपत्री पुराव्याची गरज नाही. धर्माने तेथे मोक्षाचे आश्वासन दिले होते. परंतु मोक्षापूर्वीची वर्षे सुसह्य केली ती या नित्यक्रमाने आणि स्वभाषेतील शेजाराने.

घरी राहिलेल्यांची बाजूही ध्यानी घेतली पाहिजे. वरसई गावचे विष्णुभट गोडसे १८५७ मध्ये द्रव्यार्जनासाठी उत्तरेकडे निघाले आणि बंडाच्या ऐन वणव्यात सापडले. त्यांचा 'माझा प्रवास' १९०७ मध्ये चिंतामण विनायक वैद्य यांनी प्रसिद्ध केला, म्हणून आपणांस तो ठाऊक आहे. झाशीच्या वेढ्याचे वर्णन म्हणून आपण ते पुस्तक वाचतो. परंतु तीच हकीकत वृद्ध मातापित्यांच्या बाजूने वाचून पाहावी. मुलगा देशोधडीस लागला आहे, मुलुखात लढाई पेटली आहे आणि तो जिवंत आहे की नाही हेही कळावयास मार्ग नाही! अखेरीस हा पुत्र गंगाजलाची कावड घेऊन घरी पोहोचला आणि त्या जलाने त्याने आईवडिलांस स्नान घातले. आज मुलाचा चेहरा साता समुद्रांपलीकडून दूरध्वनीच्या पडद्यावर रोज दिसतो. पण कावड घेऊन येणे आणि पडद्यावर दिसणे, या दोहोंतील अंतर वृद्ध माणसास जेवढे कळते तेवढे इतरांस कळत नाही.

ब्रह्मावर्त

लखनौपासून फार दूर नसलेल्या, कानपूरजवळच्या बिठूर अथवा ब्रह्मावर्त या क्षेत्राशी आपल्या इतिहासाचा एक उदास अध्याय निगडित आहे. जून १८१८ मध्ये दुसऱ्या बाजीरावाने सर जॉन माल्कम यांच्या स्वाधीन होऊन वार्षिक आठ लक्ष रुपयांचा तनखा पत्करला आणि गंगाकाठी राहण्यास तो आला. त्या वेळी त्याचे वय ४३ वर्षांचे होते. २८ जानेवारी १८५१ रोजी त्याचा मृत्यू झाला. म्हणजे राज्याविना त्याने बत्तीस वर्षांहून अधिक काळ काढला.

त्याच्या राज्यकारभाराविषयी इतिहासकारांनी जे लिहिले आहे ते बहुतांशी खरेच आहे आणि आम्ही त्याची वकिली करीत नाही. येथे प्रश्न वेगळा आहे. अधिकार गेलेला, देश सुटलेला, इंग्रज अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली राहणारा माणूस बत्तीस वर्षे कशाच्या आधारावर जगला? त्याच्यासमवेत हजारो मराठी माणसे ब्रह्मावर्तास आली होती. आश्रित, भिक्षुक, कारकून, शिलेदार आणि त्यांची कुटुंबे मिळून तेथे एक लहानसे पुणेच वसले होते. स्नानसंध्या, दानधर्म, सणवार आणि लग्नमुंजी यथासांग होत होत्या. १८२७ मध्ये त्याने नानासाहेबांस दत्तक घेतले. पुढे झाशीची राणी झालेल्या मनकर्णिकेचे बालपण या परिवारात गेले. पदाबरोबर सोबत गेली नाही, हे त्या निवृत्त पेशव्याचे भाग्य होय. त्याच्या मृत्यूनंतर कंपनी सरकारने तनखा बंद केला, तेव्हा मात्र त्या परिवारातील वृद्धांची काय दशा झाली असेल याची कल्पनाच करावी. सोबत टिकावयाची तर तिच्या मुळाशी काही व्यवस्था आणि काही द्रव्य लागते, हा या अध्यायाचा दुसरा धडा आहे.

लखनौचे एक उदाहरण

आता आपल्या शहराकडे येऊ. पंडित विष्णु नारायण भातखंडे यांचे नाव लखनौच्या कैसरबागेशी कायमचे जोडले गेले आहे. १० ऑगस्ट १८६० रोजी मुंबईत वाळकेश्वर येथे जन्मलेले भातखंडे व्यवसायाने वकील होते. १९०० मध्ये त्यांची पत्नी आणि १९०३ मध्ये त्यांची मुलगी निवर्तली. म्हणजे वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी हा गृहस्थ घरात अगदी एकटा राहिला. पुन्हा संसार मांडावा असे त्यांना वाटले नाही. त्यांनी पुढे वकिलीही सोडली आणि गावोगाव हिंडून, घराण्यांच्या उस्तादांसमोर बसून चिजा गोळा केल्या. १९१६ साली बडोद्यास पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली. १९२४ व १९२५ च्या परिषदा लखनौस झाल्या आणि त्यांतून १९२६ मध्ये येथे मॅरिस कॉलेज निघाले. राय उमानाथ बली आणि प्रांताचे तत्कालीन शिक्षणमंत्री राय राजेश्वर बली यांचे साहाय्य त्यांना लाभले. कॉलेज सुरू झाले तेव्हा भातखंडे ६६ वर्षांचे होते. सरकारी नोकरीत असते तर केव्हाच निवृत्त झाले असते! पुढे श्रीकृष्ण नारायण रातंजनकर यांनी प्राचार्य म्हणून हे विद्यालय दीर्घकाळ सांभाळले. १९६६ मध्ये संस्थेस भातखंडे यांचे नाव देण्यात आले आणि आज ती विद्यापीठ आहे.

१९३३ मध्ये भातखंडे यांना पक्षाघाताचा झटका आला आणि १९ सप्टेंबर १९३६ रोजी, गणेशचतुर्थीच्या दिवशी, मुंबईत त्यांचे निधन झाले. त्यांचे चरित्र संगीताच्या अभ्यासकांनी लिहिले आहे. आम्ही त्याकडे एकट्या माणसाचे चरित्र म्हणून पाहतो. घरात कोणी नसताना या माणसाने स्वतःभोवती शिष्यांचे, सहकाऱ्यांचे आणि प्रतिपक्षाचेही एवढे मोठे कुटुंब उभे केले की एकाकीपणास शिरकाव करण्यास फटच राहू नये. दुःख नव्हते असे नव्हे. परंतु दुःखास काम मिळाले होते.

महर्षी धोंडो केशव कर्वे यांचेही स्मरण येथे होते. त्यांनी १९३६ मध्ये, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, खेड्यांतील प्राथमिक शिक्षणासाठी मंडळ काढले आणि १९४४ मध्ये समता संघ स्थापिला. १९५८ मध्ये त्यांना भारतरत्न हा किताब मिळाला आणि १९६२ मध्ये, १०४ वर्षांचे होऊन, ते गेले. प्रत्येक वृद्ध माणूस कर्वे अथवा भातखंडे होऊ शकत नाही, हे उघड आहे. म्हणूनच सामान्य माणसासाठी मंडळाची गरज असते.

नोकरदारांची पिढी आणि अमौसी

स्वातंत्र्यानंतर उत्तरेस आलेला मराठी माणूस यात्रेकरू नव्हता, सरदारही नव्हता. तो नोकरदार होता. रेल्वे, टपाल व तार, लेखा, संरक्षण उत्पादन, बँका, विमानतळ आणि सार्वजनिक क्षेत्रातील कारखाने यांनी त्यास आणले. कानपूर रस्त्यावरील अमौसी हे मूळचे खेडेगाव. विमानतळ, रेल्वे स्थानक, तेलाचे डेपो आणि नादरगंजची औद्योगिक वसाहत यांमुळे त्याचे रूप पालटले. शेजारी सरोजिनीनगरला स्कूटर्स इंडियाचा सरकारी कारखाना १९७२ मध्ये स्थापन झाला. तो बंद करण्याचा निर्णय जानेवारी २०२१ मध्ये झाला. म्हणजे जेमतेम एका पिढीच्या नोकरीएवढेच त्याचे आयुष्य ठरले. विमानतळास २००८ मध्ये चौधरी चरणसिंह यांचे नाव मिळाले आणि २०१९ पासून तेथून मुन्शीपुलियापर्यंत मेट्रो धावते; तरी जुन्या माणसांच्या तोंडी अजून 'अमौसी' हेच नाव आहे.

नोकरदाराच्या वृद्धापकाळाचे गणित निराळे असते. सरकारी क्वार्टर निवृत्तीनंतर सोडावे लागते, आणि त्याबरोबर वीस-पंचवीस वर्षांचा शेजारही सुटतो. गावाकडे परत जावे तर तेथील वाड्याची वाटणी झालेली असते, समवयस्क उरलेले नसतात. मग कानपूर रस्त्याच्या नव्या वसाहतींपैकी एकीत घर घेतले जाते. मुले शिकून पुणे, बंगळुरू अथवा अमेरिकेस जातात आणि जाताना बहुधा याच अमौसीच्या विमानतळावरून जातात. दोघे असतात तोवर ठीक चालते. दोघांपैकी एक गेले म्हणजे खरा प्रश्न उभा राहतो.

परप्रांतात या प्रश्नास एक जास्तीचा पदर आहे. पुण्यात अथवा सांगलीत एकट्या राहणाऱ्या वृद्धेस भाजीवाल्याशी, वाण्याशी, रिक्षावाल्याशी तरी मराठीत बोलता येते. लखनौत पत्नी निवर्तली की कित्येक गृहस्थांच्या घरातील मराठीच संपते. शेजारी सज्जन असतात. लखनौच्या अदबीविषयी तक्रार करण्यास जागाच नाही; 'बाबूजी', 'माताजी' म्हणून ते आपुलकीने हाक मारतात, अडीअडचणीस धावून येतात. चाळीस वर्षांत हिंदीही जिभेवर रुळलेली असते. तरीदेखील बालपणाची आठवण, आईची एखादी म्हण, आजारपणातील कण्हणे हे सारे मातृभाषेतच असते. ते ऐकून समजणारे माणूस जवळ नसणे, हा एकाकीपणाचा असा प्रकार आहे की जो कोणत्याही शिरगणतीत नोंदला जात नाही.

या विषयाची चाहूल मराठी रंगभूमीस फार लवकर लागली होती. वि. वा. शिरवाडकर यांचे 'नटसम्राट' डिसेंबर १९७० मध्ये रंगभूमीवर आले. त्याच दशकात जयवंत दळवी यांच्या 'संध्याछाया'ने मुले दूर गेलेल्या वृद्ध जोडप्याची व्यथा मांडली. ही नाटके पाहून डोळे पुसणारे तरुण प्रेक्षक आज स्वतः त्या वयाचे झाले आहेत.

शास्त्र काय सांगते

एकाकीपणाचा अभ्यास हा काही कालपरवाचा नव्हे. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ एमिल दुर्खीम याने १८९७ मध्येच आत्महत्येचा संबंध समाजाशी असलेल्या बंधांच्या शिथिलतेशी जोडून दाखविला होता. १९५७ मध्ये पीटर टाउनसेंड याने पूर्व लंडनमधील वृद्धांच्या कौटुंबिक जीवनावर ग्रंथ लिहिला. त्याने एक मार्मिक गोष्ट नोंदविली. जन्मभर एकटे राहिलेल्यांपेक्षा, ज्यांचे जिवलग माणूस नुकतेच दुरावले आहे ते अधिक एकाकी असतात. आपल्या अनुभवाशी हे तंतोतंत जुळते.

२०१० मध्ये जुलियान होल्ट-लुन्स्टाड व त्यांच्या सहकाऱ्यांनी १४८ अभ्यासांतील तीन लाखांहून अधिक व्यक्तींची माहिती एकत्र करून दाखविले की ज्यांचे सामाजिक संबंध दृढ आहेत त्यांची जगण्याची शक्यता इतरांपेक्षा सुमारे दीडपट असते. ब्रिटनने २०१८ मध्ये आणि जपानने २०२१ मध्ये या प्रश्नासाठी स्वतंत्र मंत्र्याकडे जबाबदारी सोपविली. जून २०२५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या आयोगाने अहवाल दिला; जगातील सहांपैकी एका माणसास एकाकीपणा ग्रासतो आणि वर्षास सुमारे ८ लाख ७१ हजार मृत्यूंशी त्याचा संबंध आहे, असे त्यात म्हटले आहे.

आपल्या देशात २०११ च्या जनगणनेनुसार साठ वर्षांवरील लोकांची संख्या १० कोटी ३८ लाख होती. मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने २०१७-१८ मध्ये पंचेचाळीस वर्षांवरील सुमारे ७२ हजार व्यक्तींची देशव्यापी पाहणी केली. तिच्यानुसार वृद्धांपैकी शंभरात सुमारे सहा जण एकटे राहतात, आणि त्यांत स्त्रियांचे प्रमाण पुरुषांहून अधिक आहे.

वृद्धांचे नैराश्य ओळखणे अवघड असते, कारण ते क्वचितच 'मन उदास आहे' असे सांगतात. भूक लागत नाही, झोप येत नाही, अंग दुखते, अशी शरीराची भाषा ते बोलतात. घरचेही 'वय झाले' म्हणून विषय संपवितात. वास्तविक नैराश्य हा आजार आहे आणि त्यावर उपचार आहेत. बहिरेपणाकडेही असेच दुर्लक्ष होते. ऐकू येईनासे झाले की माणूस बैठकीतून उठून जातो, मग बैठकीस येतच नाही. स्मृतिभ्रंशाचा धोका वाढविणाऱ्या व टाळता येण्याजोग्या कारणांत वैद्यकतज्ज्ञ आज बहिरेपणा आणि सामाजिक एकलेपणा या दोहोंची गणना करतात. ज्या वृद्धास नीट ऐकू येत नाही त्यास श्रवणयंत्र मिळवून देणे ही सोबत जपण्याची पहिली पायरी होय.

सोय आणि सोबत

सेवानिवृत्तांच्या हक्कांच्या बाबतीत गेल्या काही दशकांत पुष्कळ प्रगती झाली, हे कृतज्ञतापूर्वक नमूद केले पाहिजे. १७ डिसेंबर १९८२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने नाकारा खटल्यात निवृत्तिवेतन ही सरकारची खैरात नसून हक्क आहे, असा निर्वाळा दिला. २००७ मध्ये मातापित्यांच्या व ज्येष्ठ नागरिकांच्या पालनपोषणाचा कायदा झाला. हयातीच्या दाखल्यासाठी पूर्वी दर नोव्हेंबरात बँकेत अथवा कोषागारात जावे लागे. २०१४ पासून तो संगणकाद्वारे देता येऊ लागला, आणि आता दूरध्वनीसमोर चेहरा धरला तरी काम होते. अंथरुणास खिळलेल्या वृद्धास ही सोय म्हणजे वरदानच आहे.

परंतु त्या रांगेत आणखीही काही घडत असे. वर्षातून एकदा जुने सहकारी भेटत; कोण आजारी, कोण गेले, कोणाच्या नातीचे लग्न ठरले, हे तेथे कळे. खिडकीपलीकडचा लिपिक 'साहेब, यंदा उशीर केलात' असे म्हणे. दाखल्याची सोय झाली आणि ती भेट संपली. वीज बिल, औषधे, किराणा यांचेही हेच झाले. प्रत्येक सोयीने एकेक पायपीट वाचविली आणि एकेक माणूसही वगळला. यास उपाय सोयी नाकारणे हा नव्हे. जी भेट पूर्वी व्यवहाराच्या पोटात आपोआप होत असे, ती आता जाणूनबुजून घडविली पाहिजे, एवढेच आमचे सांगणे आहे. २०२० च्या टाळेबंदीत दाराबाहेरचे जगच जेव्हा बंद झाले, तेव्हा ज्यांना रोज कोणाचा तरी दूरध्वनी येत होता आणि ज्यांना येत नव्हता, त्यांतील फरक आपण सर्वांनी पाहिला आहे.

मंडळापुढील काम

महाराष्ट्रात गेल्या चार-पाच दशकांत गावोगाव ज्येष्ठ नागरिक संघ उभे राहिले. त्यांच्या सकाळच्या बैठका, वाढदिवस, सहली आणि व्याख्याने यांनी हजारो वृद्धांना घराबाहेर काढले आहे. परप्रांतात असे संघ काढण्याइतकी आपली संख्या नाही. म्हणून हे काम मंडळानेच केले पाहिजे.

त्यासाठी मोठ्या निधीची आवश्यकता नाही. एकट्या राहणाऱ्या सत्तरीपुढील सभासदांची एक वही ठेवावी. प्रत्येकासाठी दोन कुटुंबे नेमावीत. एक जवळ राहणारे आणि एक त्यांच्याशी मनाने जुळणारे. आठवड्यातून दोनदा दूरध्वनी आणि पंधरवड्यातून एकदा प्रत्यक्ष भेट, हा नियम पाळावा. अमौसी, सरोजिनीनगर, आशियाना या भागातील वृद्धांना शहराच्या दुसऱ्या टोकास असलेल्या कार्यक्रमास येणे-जाणे कठीण पडते. त्यांच्यासाठी महिन्यातून एक बैठक त्यांच्याच घरी भरवावी. ग्रंथालयातील पुस्तके घरपोच न्यावीत आणि ज्यांची दृष्टी अधू आहे त्यांना वाचून दाखवावीत. १४५६७ हा वृद्धांसाठीचा आणि १४४१६ हा मानसिक आरोग्याचा राष्ट्रीय दूरध्वनी क्रमांक मोठ्या अक्षरांत लिहून प्रत्येकाच्या भिंतीवर लावावा.

आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, वृद्धांना केवळ साहाय्य घेणारे समजू नये. ज्यांच्या मुलांना मराठी लिहिता येत नाही अशी घरे आपल्यात थोडी नाहीत. एकट्या राहणाऱ्या आजींच्या घरी आठवड्यातून एक तास चार मुले अक्षरे गिरवावयास बसली, तर मुलांना भाषा मिळेल आणि आजींना त्या वारी सकाळपासून वाट पाहण्यासाठी काहीतरी असेल. भातखंडे यांच्या चरित्राचा सामान्य माणसाच्या मापाने घेतलेला अर्थ एवढाच आहे.

काशीच्या घाटावरील म्हातारीस पायरीवर न दिसल्यास विचारणारे कोणी होते. ब्रह्मावर्ताच्या पदच्युत पेशव्याभोवती त्याची माणसे होती. ज्यांनी पन्नास वर्षांपूर्वी सायकलवरून हिंडून या मंडळाची पहिली वर्गणी गोळा केली, त्यांच्यापैकी जे आज हयात आहेत त्यांतील काही जण दार लावून एकटे बसलेले असतात. त्यांचे नाव स्मरणिकेत छापणे हा त्यांचा गौरव आहे खरा. पण येत्या रविवारी त्यांच्या घरी जाऊन चहा मागणे हा त्याहून मोठा गौरव होय. मंडळाच्या दुसऱ्या अर्धशतकाचा इतिहास लिहिणाऱ्यास वृद्धांच्या सोबतीचे खाते कोरे आढळू नये, अशी आमची मनःपूर्वक इच्छा आहे.